गुण लेकरांचे, नजर लेकरांची

मराठीत 'गुण' हा शब्द फार राबवला जातो. परीक्षेत मिळतात तेही गुण, स्वभावात असतात तेही गुण, आणि वैद्याची मात्रा लागू पडली की औषधाचा गुण आला असे आपण म्हणतो. घरात मात्र तो बहुधा उपरोधानेच उच्चारला जातो. 'काय गुण उधळलेस?' हे वाक्य लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. 'तुझे गुण ठाऊक आहेत मला', 'मामाचे गुण घेतलेस', अशा साऱ्या ठिकाणी गुण म्हणजे अवगुणच. मुलाच्या अंगचा खरा गुण आईबापांना दिसत नाही असे नाही. तो दिसतो, रात्री निजानीज झाल्यावर दोघे त्याविषयी हलक्या आवाजात बोलतातही; परंतु ज्याचा गुण, त्याच्या कानावर तो जाऊ नये याची मोठी काळजी घेतली जाते.

या मौनामागे एक भय दृष्ट लागण्याचे असते. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांतूनही ते गेलेले नाही. साताऱ्यास आमच्या शेजारी एक वयस्क बाई राहत. त्या रोज सायंकाळी न चुकता जपमाळेची प्रार्थना करीत, आणि नातू वर्गात पहिला आला की तितक्याच भक्तिभावाने त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकीत. धर्मगुरूंनी एकदा हटकले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "फादर, तुम्हांला नातू नाही." दुसरे भय मूल शेफारण्याचे. कौतुक केले की ते डोक्यावर बसेल, अभ्यास सोडील, वडीलधाऱ्यांना जुमानणार नाही. या दोन भयांच्या मध्ये आमच्या पिढीचे बालपण गेले, आणि ते वाईट गेले असे मी म्हणणार नाही.

सांगलीतील आमच्या धर्मग्रामात मी काही वर्षे नववी ते बारावीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. चौथ्या आज्ञेवर बोलण्याची पाळी आली की मुलांचे चेहरे मिटतात. आईबापांचा मान राखा, हे त्यांनी इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यात ऐकण्यासारखे काही उरलेले नसते. म्हणून एका रविवारी मी आज्ञा उलट्या बाजूने धरली. कोरे कागद वाटले, नावे घालू नका म्हटले, आणि प्रश्न दिला: तुझ्यातला कोणता चांगला गुण तुझ्या आईवडिलांना ठाऊक आहे, आणि तो त्यांना ठाऊक आहे हे तुला कशावरून कळले?

पहिल्या भागाची उत्तरे भराभर आली. दुसऱ्या भागाशी पेने थांबली. एकीने लिहिले होते, "माझ्या पोळ्या गोल होतात असे आई शेजारच्या काकूंना सांगते. मला नाही सांगत." एकाने लिहिले, "बाबा दुकानाचा हिशेब रात्री माझ्याकडून तपासून घेतात, त्यावरून." आणखी एकाचे उत्तर असे होते: "माझे नाव घेऊन बाबा दादाला ओरडतात, त्यावरून." तीन-चार कागदांवर दुसरा भाग कोराच होता. मी ते कागद घरी नेऊन पुन्हा वाचले. त्या कोऱ्या जागांनी मला भरलेल्या ओळींपेक्षा अधिक वेळ जागे ठेवले.

या विषयाचा परदेशांत अलीकडे बराच अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ ली वॉटर्स यांनी मुलांच्या उणिवांऐवजी बलस्थानांकडे पाहणाऱ्या पालकत्वाचा विचार मांडला. २०१७ साली त्यांचे त्यावरील पुस्तकही प्रसिद्ध झाले. मला त्यातील एक गोष्ट विशेष वाटली. असे पालकत्व घरात आहे की नाही, हे ठरविताना किशोरवयीन मुलांनाच विचारले जाते, आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या जातात. तुझ्या अंगी काय आहे हे आईवडिलांना ठाऊक आहे काय? आणि ते वापरावयास ते तुला वाव देतात काय? ओळख आणि वाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला सहसा सुचत नाही. आपण म्हणतो, आम्ही मुलासाठी एवढे केले. म्हणजे वाव दिला. पण ज्याच्यासाठी केले त्याला आपण ओळखले होते का, हा प्रश्न मागे राहतोच.

मात्र परदेशातले माप जसेच्या तसे आपल्या घराला लावण्याची घाई करू नये. १९९४ साली अमेरिकेतील संशोधक रूथ चाओ यांनी चिनी कुटुंबांविषयी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. पाश्चात्त्य अभ्यासक चिनी आईबापांना हुकूमशाही वृत्तीचे ठरवीत आणि मग त्यांची मुले शाळेत इतकी चांगली कशी, या कोड्यात पडत. चाओ यांनी 'ग्वान' या चिनी शब्दाकडे लक्ष वेधले. त्या शब्दात ताबा ठेवणे आणि जिव्हाळ्याने सांभाळणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आपल्या 'वळण लावणे' या शब्दप्रयोगाची जात तीच. 'तिला कुणी वळण लावले नाही' असे आपण म्हणतो तेव्हा त्या मुलीला कुणी मारले नाही असे सुचवायचे नसते. तिची काळजी वाहणारे कुणी नव्हते असे म्हणायचे असते. त्याच धाकात वाढलेल्या एका मुलाला तो धाक मायेचा वाटतो, दुसऱ्या देशातल्या मुलाला तो अपमान वाटतो. कृती एक, पण मुले तिचा अर्थ आपल्या घराच्या बोलीत लावतात.

इतकेच काय, एका घरातली दोन भावंडेही तो निरनिराळा लावतात. आमचे वडील साताऱ्यास एस. टी.च्या कार्यशाळेत कारागीर होते. माझा धाकटा भाऊ बारा वर्षांचा असताना त्याने शेजाऱ्यांचा रेडिओ उघडून ठेवला आणि तो पुन्हा जुळेना. वडिलांनी त्याला दोन थोबाडीत दिल्या. पुढल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर ते जुन्या बाजारात गेले, बंद पडलेला एक ट्रान्झिस्टर विकत घेऊन आले आणि काही न बोलता त्याच्यापुढे ठेवला. मी आणि माझी बहीण ती आठवण आजही कौतुकाने सांगतो. वडिलांना त्याच्या हातातली कला दिसली होती याचा आम्हांला तो पुरावा वाटतो. भाऊ मात्र म्हणतो, "ताई, मला वाटलं, लोकांच्या वस्तूंना हात लावू नये म्हणून हे आणलंय. मोडकं खेळणं." तो पुढे आय. टी. आय.ला गेला, मग पदविका, मग पदवी, आणि आता पुष्कळ वर्षे मेलबर्नला आहे. वडिलांनी आपल्याला कधी शाबास म्हटले नाही हे त्याच्या मनात इतके घट्ट बसले, की स्वतःच्या मुलीच्या बाबतीत त्याने ते मौन पार मोडून टाकले. बहीण सांगलीतच आहे. तिने वडिलांची रीत उचलली. करायचे सगळे, बोलायचे काही नाही.

२०२४ च्या नाताळात भाऊ सहकुटुंब सांगलीला आला होता. त्याची मुलगी पंधरा वर्षांची, बहिणीचा मुलगा सोळाचा. सणाच्या आदल्या संध्याकाळी खाली करंज्या तळणे चालू होते आणि ही दोघे गच्चीवर कागदी तारा टांगीत होती. मी दिव्याची वायर घेऊन वर गेले. त्यांचे बोलणे आधीच रंगले होते, आणि विषय आईबापांचाच होता.

"आत्या," भाची म्हणाली, "डॅडींना सगळंच छान वाटतं. माझं ड्रॉइंग छान, माझं पोहणं छान, मी केलेला टोस्ट जळला तरी छान. मग मी खरंच कशात छान आहे, हे मला कसं कळणार? मला वाटतं, ते बघतच नाहीत."

भाचा तिच्याकडे हेव्याने पाहत होता. तो आमच्या गायकवृंदात पेटी वाजवतो. कुणी शिकवली नाही, कानाने उचलली. "मावशी, माझं उलटं आहे," तो म्हणाला. "आई दर शनिवारी मला स्कूटरवरून मिरजेला नेते. पेटीचे सूर लावून घ्यायला पैसे देते. दुकानात दोन-दोन तास बसते. पण माझं वाजवणं चांगलं आहे असं एकदाही म्हणाली नाही. तिला ते आवडतं का ती माझा हट्ट पुरवते, हेच कळत नाही."

तारा टांगण्याचे काम बराच वेळ तसेच राहिले. मला वाटत होते की आपल्याकडे शब्दांची वाण आहे आणि तिकडे शब्दांची रेलचेल, म्हणजे तिकडचे मूल सुखी असेल. त्या मुलीच्या बोलण्याने तो हिशेब चुकता झाला नाही. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर व कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे सोपे काम निवडू लागतात आणि एकदा अपयश आले की लवकर खचतात. मेहनतीचे नाव घेऊन शाबासकी दिली तर तसे होत नाही. भाचीने तो प्रयोग वाचलेला नव्हता. सरसकट कौतुकात आपले काही नाही, हे तिला जळलेल्या टोस्टनेच शिकवले होते.

मी दोघांना विचारले, "मग तुम्हांला पटेल असं कुणी कधी काही बोललं का?"

भाची थोडी थांबून म्हणाली, की शाळेत एक नवी मुलगी आली होती. दुसऱ्या दिवशी शिक्षिका हळूच म्हणाल्या, ती दारात उभी असताना तू कुणी न सांगता बाकावरची आपली बॅग उचललीस, मी पाहिलं. भाच्याला तर विचारच करावा लागला नाही. मिरजेतल्या कारागिराने त्याची पेटी ऐकून म्हटले होते, "भात्यावरचा हात हलका आहे तुझा. सूर फाटत नाही." हे सांगताना त्याचा डावा हात आपोआप हवेत हलत होता.

दोन्ही वाक्यांत स्तुतीचा एकही शब्द नाही हे माझ्या नंतर लक्षात आले. त्यांत फक्त पाहिल्याची, ऐकल्याची खूण होती. आणि दोन्ही वाक्ये घराबाहेरची होती, हेही.

बाहेरच्या नजरेला असा मान आपल्या भागात पूर्वीपासून आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५० च्या दशकात झांजिबारहून आलेला एक पारशी मुलगा वसतिगृहात राहत होता. त्याचे संगीताचे अंग मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले आणि त्यांनी दूरदेशी असलेल्या आईवडिलांना पत्र लिहून, थोडी जादा फी भरल्यास याला रीतसर पियानो शिकविता येईल, असे कळविले. आईवडिलांनी होकार दिला. तो फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला. त्याचे गाणे माझ्या कानाला मानवत नाही हा भाग निराळा. पण साताऱ्याच्या डोंगरावरून आफ्रिकेला गेलेल्या त्या पत्राचे मला अप्रूप आहे. स्नानसंस्काराच्या वेळी आपण धर्मपिता आणि धर्ममाता नेमतो, त्यांच्याकडून मूल नाताळची भेटवस्तू आणि वाढदिवसाचे पाकीट यापलीकडे फारशी अपेक्षा ठेवत नाही. असे एखादे पत्र लिहिणे त्यांच्या वाट्याला यावयास काय हरकत आहे?

मिरज तर अशा नजरेवरच उभी आहे. तेथील सतारी-तंबोरे करणारी शिकलगार घराणी मुळात शस्त्रांना धार लावणारी. तलवारींचा जमाना संपला तेव्हा हातातले कसब रिकामे झाले. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्यांनी तेच कसब पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांवर वळवले, आणि आज त्या हातांचे तंबोरे देशभरच्या मैफलींत असतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या बोटांना पाते पारखता येत होते त्यांना तार पारखता येईल, हे ज्याने प्रथम ओळखले त्याची नजर मोठी म्हटली पाहिजे.

त्याच मिरजेत विष्णू दिगंबर पलुसकर घडले. जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा, वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली, शाळा सुटली. पुढे त्या मुलाला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास ठेवले, आणि १९०१ साली त्याने लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ही कथा शाळांतून 'संकटातून संधी' म्हणून सांगतात. माझे समाधान तिने पुरते होत नाही. डोळे शाबूत राहिले असते तर त्या गळ्याकडे कुणाचे लक्ष गेले असते का? मूल सर्व बाजूंनी धडधाकट असले, गणितात पासष्ट आणि इंग्रजीत साठ गुण मिळवीत असले, की त्याच्या गळ्याकडे, हाताकडे, दारात उभ्या असलेल्या नव्या मुलीसाठी बॅग उचलणाऱ्या त्याच्या मनाकडे पाहण्याची आपल्याला गरजच भासत नाही.

पवित्र शास्त्रात याविषयी काय आहे ते मी वर्गासाठी शोधू लागले, तेव्हा नेहमीचे उतारे मला निराळे दिसू लागले. यार्देन नदीवर प्रभू येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा स्वर्गातून पित्याची वाणी झाली. हा माझा लाडका पुत्र आहे, याच्यावर मी प्रसन्न आहे, असा तिचा आशय. तोवर येशूने एकही आजारी बरा केलेला नव्हता, एकही प्रवचन दिलेले नव्हते. सुतारकामाचे एक लांब, अबोल पर्व तेवढे मागे होते. तरीही पित्याने ते उच्चारले, आणि पुत्राला ऐकू जाईल असे उच्चारले. दृष्ट लागण्याची भीती स्वर्गात नसावी. त्यानंतर लगेच अरण्यातील चाळीस दिवसांची परीक्षा आली. ती वाणी कानात असल्यामुळे ते दिवस निभावले असतील असे मला वाटते; हे माझे मत, धर्मपंडितांचे नव्हे.

दुसरीकडे माता मरिया आहे. बारा वर्षांचा मुलगा हरवला, तिसऱ्या दिवशी मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडला. आईने जाब विचारला, मुलाने उत्तर दिले, आणि ते उत्तर आईबापांना समजले नाही, असे संत लूक सरळ लिहितात. मुलाचा गुण आईबापांना कळलाच पाहिजे असे नाही, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता? मरियेने ते सारे अंतःकरणात जपून ठेवले. आमच्या वडिलांसारख्यांचे मौन त्या जातीचे होते असे मी धरून चालते. माझ्या भावाला तसे धरता येत नाही, आणि त्याला मी दोष देत नाही.

संत जॉन बोस्को यांनी १० मे १८८४ रोजी रोमहून आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र लिहिले. मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम होत आहे हे त्यांना कळले पाहिजे, असे त्यात त्यांनी बजावले. तुरिन शहरातल्या रस्त्यावरच्या पोरांत आयुष्य घालवलेल्या माणसाचा हा अनुभव. भाच्याची तक्रार दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात जवळजवळ जशीच्या तशी आहे.

परंतु सर्वांत अधिक वेळ मी थांबले ती तालांतांच्या दाखल्याशी. जुन्या मराठी भाषांतरात त्या तालांतांचे रुपये झाले आहेत. इंग्रजीत मात्र 'टॅलेंट' हा शब्द अंगच्या गुणाच्या अर्थाने रूढ झाला तो याच दाखल्यामुळे. धन्याने प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे दिले. म्हणजे त्याची ओळख होती. आणि देऊन झाल्यावर तो दूर देशी निघून गेला. हे निघून जाणे आपण वाचताना सोडून देतो. तो दारात बसून रोज मोजणी करीत राहिला नाही. तिसऱ्या चाकराला धनी पुढे आळशी म्हणतो हे खरे. पण चाकर स्वतः आपले कारण सांगतो ते भीतीचे. तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होते, म्हणून मी भ्यालो आणि पुरून ठेवले, असे तो म्हणतो. पहिल्या दोघांचा धनी तोच, पण त्यांना तो तसा दिसला नाही. देणाऱ्याविषयी घेणाऱ्याची जी समजूत, तीवर देणगीचे पुढले भवितव्य ठरले. वर्गातल्या मुलांना हा मुद्दा मला समजावून सांगावा लागला नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, मी तिसरा."

ती भीती किती खोल जाऊ शकते हे लिहिताना हात अडखळतो. जून २०२५ मध्ये आमच्याच सांगली जिल्ह्यात वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारी सतरा वर्षांची एक मुलगी, सराव परीक्षेत गुण कमी पडले या कारणावरून घरात झालेल्या मारहाणीनंतर मरण पावली. पोलिसांनी तिच्या वडिलांना अटक केली. दहावीला तिला नव्वद टक्क्यांहून अधिक गुण होते, असे वर्तमानपत्रांत आले. त्या आठवड्यातल्या रविवारी आमच्या वर्गात एकही मूल बोलले नाही. मीही शिकवले नाही. आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली आणि उठलो. बाहेर पडताना एक आई दुसरीला म्हणाली, "आपण मारत नाही ना." दुसरी काही बोलली नाही.

त्या मुलीच्या अंगी हुशारी आहे हे घरात ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. उलट ती ठाऊक होती म्हणूनच एवढी अपेक्षा असणार. म्हणजे गुण ओळखणे एवढ्यावर भागत नाही. ओळखलेला गुण कुणाच्या नावावर चढतो हे मुले फार बारकाईने पाहतात. सातबाऱ्यावर नाव कुणाचे लागले हे जसे शेतकरी पाहतो, तसे. गुण आईबापांच्या नावावर चढला की मूल त्याचे कूळ होते, आणि खंड भरता भरता थकते.

म्हणून आपल्या दोन जिल्ह्यांतल्या गाजलेल्या मुलांच्या बातम्या मी अलीकडे वेगळ्या कुतूहलाने वाचते. ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिन येथे तिरंदाजीत जगज्जेती झाली. अंतिम फेरीत तिचे एकशे पन्नासपैकी १४९ गुण होते. साताऱ्यातच प्रवीण सावंत यांच्याकडे शिकणारा नागपूरचा ओजस देवतळे त्याच दिवशी पुरुषांत जगज्जेता झाला. अदितीचे वडील गणिताचे शिक्षक. मुलीने खेळावे म्हणून ते तिला मैदानावर घेऊन गेले, तेथे नाना खेळ चालले होते, आणि त्यांतून धनुष्य तिने निवडले. मग कुटुंब गावाकडून साताऱ्यास राहावयास आले, साधनांसाठी कर्ज काढले. मला त्या कर्जापेक्षा मैदानावरची ती पहिली घटका मोलाची वाटते. वडिलांनी मैदान दाखवले. बोट तिने उचलले. क्रम उलटा असता तर तेच कर्ज तिच्या खांद्यावर बसले असते.

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारोत्तोलनात रौप्यपदक मिळवले. एकूण २४८ किलो, सुवर्णपदकापेक्षा एकच किलो कमी. वडिलांची पानपट्टी, आणि तोही तेथे बसत असे. मला त्या घराविषयी आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. त्याच घरातली काजोल हीदेखील वजने उचलते, आणि त्याच वर्षी खेलो इंडिया स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले. ताकद हा मुलाचाच गुण असे तेथे कुणी ठरवून टाकलेले दिसत नाही. सांगलीचीच स्मृती मानधना भावाचा खेळ पाहत पाहत क्रिकेटकडे वळली. वडिलांनी भावाबरोबर तिलाही मैदान दिले, नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात होती, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती उपकर्णधार होती. आमच्या वर्गातल्या मुलींच्या कागदांवर गुण म्हणून पोळ्या, रांगोळी आणि लहान भावाला सांभाळणे एवढेच होते, हे येथे नमूद केले पाहिजे. मुलांच्या कागदांवर पोळ्या कुठेच नव्हत्या. त्यांतल्या एखाद्याला त्या उत्तम जमत असतील, पण विचारणार कोण?

अर्थात जगज्जेत्यांची उदाहरणे देण्यात एक धोका आहे. ती वाचून आईबाप आपल्या मुलात जगज्जेता शोधू लागतात, आणि दहावीच्या गुणांची जागा पदके घेतात. खंड तोच, पीक बदलले एवढेच. ज्या मुलाचा गुण कुठल्याही स्पर्धेत मोजता येत नाही त्याचे काय? माझ्या भाचीने बॅग उचलली त्याला पदक नसते.

बहिणीला मी गच्चीवरचे बोलणे सांगितले नव्हते. मुलांनी विश्वासाने सांगितलेले होते, आणि तिला सांगून ती बदलेल अशी माझी समजूतही नव्हती. २०२५ च्या ईस्टरच्या जागरणविधीला भाचा पेटीवर होता. दिवे लागले, घंटा वाजल्या, गौरवगीत सुरू झाले. विधी संपून आम्ही तिघे चालत निघालो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. रस्त्यावर कुत्र्यांशिवाय कुणी नव्हते. बहीण पुढे बघतच म्हणाली, "गौरवगीताला तू पट्टी खाली उतरवलीस ना?"

तो चपापला. "हो. का? चुकलं?"

"म्हाताऱ्या बायकांना गाता आलं त्यामुळं. मागल्या वर्षी त्या वरच्या सुराला गप्प बसल्या होत्या."

तो चालता चालता थांबला. "तुला कळतं पट्टी?"

"दर शनिवारी मिरजेत दोन तास बाकावर बसून मी काय झोपा काढते?" ती म्हणाली, आणि भरभर पुढे चालू लागली.